बेचाळीस मुठी माती

बाबांची राख तापीत न सोडता शेतात मिसळावी, हे मीच सुचवलं. पुढे जे झालं त्याची सुरुवात कुणी केली, हा प्रश्न घरात कुणी विचारला नाही. मला तो रोज पडत होता.

बाबांचे धाकटे भाऊ, चुडामणकाका, यांनी त्यात भर घातली. बाराव्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, जे येतील त्यांनी आपापल्या शेतातली मूठभर माती आणायची. ती राखेत मिसळायची आणि त्यात बाबांच्या आठवणीचं केळीचं पील, म्हणजे जुन्या केळीच्या बुंध्याशी फुटलेलं रोप, लावायचं. देडतलाईला मागच्या वर्षी कुणाच्या तरी गंधमुक्तीला असं केलं होतं आणि त्याचे फोटो मोबाइलवरून गावोगाव फिरले होते. काकांना ते फार आवडलं होतं.

माझ्यासकट बेचाळीस जणांनी माती टाकली. कुणी रुमालात आणली, कुणी खताच्या गोणीच्या तुकड्यात. तुकईथडच्या निंबाभाऊंनी पितळेच्या तांब्यात आणली होती, वर कापड बांधून. थोरली लेक म्हणून पहिली मूठ माझी होती. मी वरच्या तुकड्यातली माती आणली होती, कडुलिंबाजवळची, जिथं बसून बाबा दुपारचा डबा खायचे. खड्डा विहिरीजवळच्या, बाबांच्या लाडक्या केळीच्या बेटापासून पाच फुटांवर घेतला होता. त्याच बेटाचं एक पील काढून त्यात लावलं. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

मी पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. वनस्पतीच्या पेशी काचेच्या बाटलीत वाढवायच्या, त्यांच्यातले बदल वाचायचे, हे माझं गेल्या अकरा वर्षांचं काम. त्यातली पाच वर्षं केळीवर गेली. त्या दिवशी त्या खड्ड्याभोवती मर रोगाबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेली व्यक्ती मी होते.

मर म्हणजे मातीतली एक बुरशी. ती मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढते. तिला अडवायला झाड त्या नळ्या स्वतःच बुजवतं आणि तहानेनं मरतं. खालची पानं काठानं पिवळी पडतात, देठात मोडतात आणि खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबतात. खोड आडवं कापलं की आत तपकिरी कडी दिसतात. त्यावर औषध नाही. बाग संपते, बुरशी मात्र वीस-तीस वर्षं मातीत पडून राहते आणि चिमूटभर मातीतून, चपलेच्या तळव्यातून, फावड्याच्या पात्यावरून पुढच्या शेतात जाते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वरच्या तुकड्यातली दोन एकर बाग अशीच गेली. त्यातली एकच केळ हिरवी राहिली. बाबांनी तिचं पील काढलं, कंद पांढरा दिसेपर्यंत तासला, गरम पाण्यात बुडवला आणि खाली विहिरीजवळ, जिथं कधी केळ नव्हती अशा जागी लावला. त्याचं बेट झालं. वरच्या तुकड्यात त्यांनी मका पेरला, आणि तिथून खाली कुणी पाय न धुता यायचं नाही असा नियम केला. फाटकाशी निळा ड्रम अर्धा कापून ठेवला, त्यात जंतुनाशकाचं पाणी. आमदार आला तरी त्यात पाय बुडवायचे. लोक हसायचे. "लीलाधरभाऊच्या बागेत जायचं तर देवळासारखं पाय धुऊन जा, प्रसाद मात्र भेटत नाही."

बाबांनी त्या बेटाच्या पानाचे तुकडे दोनदा माझ्याकडे पुण्याला पाठवले. मी ते फ्रीजरमध्ये ठेवले. फोनवर आमचं जे बोलणं झालं ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"एक केळ उभी राहिली म्हणजे पुरावा होत नाही, बाबा. तिच्यापर्यंत रोग पोचलाच नसेल."

"आजूबाजूच्या सगळ्या गेल्या वं माय. चारी अंगानं."

"तरी होतं तसं कधीकधी."

"मग पुरावा कशानं होतो?"

"रोगाच्या मातीत लावून बघावं लागतं. जगलं तर खरं."

बाबा म्हणाले, "मंग मले नाही पाह्यजे पुरावा. माह्या हातानं मी त्याले रोग नाही देणार."

विषय तिथं संपला. त्यानंतर दीड वर्षानं त्यांना हृदयविकाराचा झटका आला. मी नेपानगर स्टेशनात गाडीत होते तेव्हा माझ्या धाकट्या भावाचा, भूपेंद्रचा फोन आला, की आता घाई नको करू.

गंधमुक्तीच्या दिवशी मंडपवाल्याचा टेम्पो आत येईना म्हणून कुणीतरी निळा ड्रम उचलून विहिरीमागे ठेवला. तो तिथंच राहिला. दहा दिवसांनी सकाळी मी ओट्यावर बसले होते. रंभाबाई, जी वीस वर्षं बाबांसोबत बागेत राबली, फाटकातून आली आणि सवयीनं थांबली. जिथं ड्रम असायचा तिथं तिनं पाय उचलला, खाली पाहिलं, आणि पाय तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, भाऊंचं पाणी कुठं गेलं?"

माझ्या डोळ्यांपुढे ते रुमाल आले, गोणीचे तुकडे, पितळेचा तांब्या. पाच गावांची माती. आणि सगळ्यात आधी माझा स्वतःचा हात.

त्याच दिवशी मी नमुने घेतले. आठवणीच्या पिलाची माती, त्याचं मूळ, जुन्या बेटाचं मूळ. तीन पिशव्या, तीन चिठ्ठ्या. मग मी वरच्या तुकड्यात गेले आणि कडुलिंबाजवळची माती चौथ्या पिशवीत भरली. तिच्यावरही चिठ्ठी लावली. संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात पार्सल दिलं तेव्हा त्यात तीनच पिशव्या होत्या. चौथी माझ्या बॅगेत राहिली. का, ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

इकडे काकांनी दुसरंच ठरवलं होतं. महिना भरला की रविवारी, ज्यांनी माती दिली त्यांना जुन्या बेटाचं एकेक पील द्यायचं. बेटाला आणि त्याच्या शेजारी बाबांनी वाढवलेल्या रांगेला मिळून पिलं बरीच होती. उरलेल्यांना पुढच्या वर्षी.

"भाऊचं नाव पाच गावात उभं राहील," काका म्हणाले. "लोकायचे फोन येऊ राह्यले. ज्याची बाग मरते त्याले इचार, ते पील म्हणजे काय हाये."

"काका, रिपोर्ट येऊ द्या."

"कसला रिपोर्ट? तीन वर्षं भाऊनं पाह्यलं, तो रिपोर्ट नाही काय? तुह्या मशिनीले भाऊपेक्षा जास्त समजते?"

बाबांशी मी ज्या सुरात बोलले होते, तो सूर मला काकांच्या तोंडून परत ऐकू आला होता.

शनिवारी दुपारी रंभाबाई हातात विळा घेऊन आली. जुन्या बेटातली एक केळ बाबा गेले त्या आठवड्यात निसवली होती. घड सुटला होता आणि खाली जांभळं केळफूल लोंबत होतं.

"मोडून घेऊ का ताई? फण्या भरतील, आन् भाजी बी होईल. भाऊंना लय आवडायची, चण्याची डाळ टाकून."

मी हो म्हणणार तोच फोन वाजला. वंदना मॅडम. त्या माझ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, आणि त्या कधीच शनिवारी फोन करत नाहीत. मी रंभाबाईला हातानं थांबवलं.

"पूर्णिमा, मातीत आहे," त्या म्हणाल्या. "चोविसाव्या फेरीलाच रेषा वर उठली. दोनदा केलं."

आमच्या यंत्रात रोगाच्या बुरशीच्या डीएनएचा एक तुकडा दर फेरीला दुप्पट होतो. नमुन्यात तो असला तर आलेखावरची सपाट रेषा कुठंतरी वळते आणि वर जाते. जितक्या लवकर वळते तितका रोग जास्त. चाळिसाव्या फेरीपर्यंत सपाट राहिली तर नमुना स्वच्छ.

"आणि मुळं?"

"नव्या पिलाच्या मुळात आहे. थोडा, पण आहे. जुन्या बेटाची रेषा सपाट आहे. अजून. पाच फूट म्हटलंस ना? मुळं तेवढी पसरतात."

"नवं पील हिरवं आहे, मॅडम. पान सुद्धा नवीन आलंय."

"ते मी ऐकलं. मुळात शिरू देऊन वर चढू न देणाऱ्या केळी असतात, तुला माहीत आहे. किंवा आणखी दोन महिन्यांनी पिवळं पडेल. आज काहीच सांगता येत नाही. तिथून एक पील, एक पान, मातीचा कणही बाहेर जाता कामा नये. आणि ऐक, जुन्या बेटात केळफूल आहे का?"

मी रंभाबाईच्या विळ्याकडे पाहिलं. "आहे."

"आज मोडू नकोस. उद्या मोडून बर्फाच्या डब्यात घेऊन ये. बुरशी तिथपर्यंत पोचलेली नाही, आतल्या कोवळ्या फुलांच्या पेशी स्वच्छ असणार. त्या पेशींपासून आपण पुन्हा झाडं उभी करू, आणि काय बदललंय ते वाचू. झाड मेलं तरी ते राहील." मग त्यांनी विचारलं, "माती कुणाकुणाची होती?"

"बेचाळीस जणांची."

"कुठून आला ते शोधायला हवं. ज्याच्या शेतातून आला त्याला कळलं पाहिजे."

"हो," मी म्हणाले. चौथी पिशवी बॅगेत होती.

भूपेंद्र दारात उभा राहून ऐकत होता. फोन ठेवल्यावर तो आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, जुन्या बेटात काही नाही ना? तूच बोलली, सपाट. मग देऊन टाकू पिलं. लोक उद्या आठ वाजता येऊ राह्यले. अब उनको क्या बोलें?"

"पिलांना माती लागलेली असते, भूपेंद्र."

"धुऊन देऊ."

"बाबांनी दिली असती?"

"बाबांचं नाव मधे नको आणू यार." तो पलंगावर बसला. "तुला जायचंय पुण्याला. मला इथं राहायचंय. तू उद्या लोकांना बोलणार का, तुमच्या मातीनं माझ्या बापाचं झाड बिघडवलं? बारावा करायला आलेल्या माणसांना? कोई पानी नहीं पिएगा हमारे घर."

तो खोटं बोलत नव्हता.

रविवारी आठच्या आधीच लोक जमले. सत्तावीस-अठ्ठावीस जण असतील. काही मोटरसायकलींवर, बरेच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. काहींनी पिलं न्यायला ओली गोणपाटं आणली होती. काकांनी खुर्च्या मांडल्या होत्या. ड्रम मी पहाटेच विहिरीमागून आणून भरला होता आणि फाटकाच्या आत ठेवला होता. बेट आणि नवं पील यांच्याभोवती चार काठ्या रोवून दोरी बांधली होती.

"हे काय मांडलं सकाळी सकाळी?" काकांनी दोरीकडे बोट केलं. "क्रिकेटचं मैदान करू राह्यली काय?"

एकदोघे हसले. मी उभी राहिले आणि सांगितलं. जेवढं साधं सांगता येईल तेवढं. गंधमुक्तीला टाकलेल्या मातीत मर रोग आहे. नव्या पिलाच्या मुळात तो गेलाय. इथून आता एकही पील कुणाला देता येणार नाही.

मागून आवाज आला, "म्हणजे आमची माती इखारी?"

"सगळ्यांची नाही."

"मंग कुणाची? नाव घ्या ना बाई."

"इतक्या प्रेमानं आणली लोकायनं," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "दहा कोसावरून आणली. आन् ही पोरगी मशिनीत घालून तपासू राह्यली. भाऊ असता तर..."

"काका, बाबा असते तर ड्रम फाटकातून हलला नसता."

हे मी बोलायला नको होतं. काकांनी मान खाली घातली. ड्रम कुणी हलवला होता ते तेव्हा मला कळलं.

आता लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणाच्या बागेत मागच्या उन्हाळ्यात पानं लोंबत होती, कुणी गुपचूप केळी उपटून जाळल्या, कुणी बांधावरून कुणाचं पाणी घेतलं. नावं आधी हळू निघाली, मग मोठ्यानं. मर लागलेला माणूस ते सांगत नाही. सांगितलं तर शेजारी बांधावरून जाऊ देत नाहीत, व्यापारी पाय ठेवत नाहीत, मजूर सुद्धा टाळतात.

"निंबा, तुही बाग का काढली रे?" कुणीतरी विचारलं. "हळद लावायची होती म्हणे. भरल्या बागेत हळद?"

निंबाभाऊ खुर्चीवर नव्हते. ते ट्रॉलीला टेकून उभे होते, हातात घडी घातलेलं ओलं गोणपाट. साठीचा माणूस. ते पुढे आले, दोरीपाशी थांबले.

"मरच होती," ते म्हणाले. "दीड एकर. कुणाले नाही सांगतलं." गोणपाट त्यांच्या हातातून निथळत होतं. "त्याच तुकड्यातली माती आणली मी. लीलाधरनं आन् मी पह्यली केळ त्या तुकड्यात लावली होती, लगन बी नव्हतं झालं आमचं. मले वाटलं, त्याले ती माती पाह्यजे."

"वा रे दोस्त!" कुणीतरी म्हणालं. "मित्राच्या राखेत रोग टाकला."

"तांब्यात घालून, वरून कापड बांधून!"

"पोरीची माफी माग आधी."

निंबाभाऊंनी खरंच माझ्याकडे वळून हात जोडले. सगळे माझ्याकडे बघत होते. भूपेंद्रही बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. मी मान हलवली असती तर सगळं मिटलं असतं. निंबाभाऊंची माती तर रोगट होतीच. कुणाशीही खोटं बोलावं लागलं नसतं.

मी आत गेले आणि बॅगेतून चौथी पिशवी घेऊन आले.

"निंबाकाका, हात खाली करा." मी पिशवी खुर्चीवर ठेवली. "ही वरच्या तुकड्यातली माती आहे. आमच्या. कडुलिंबाजवळची. तीन वर्षांपूर्वी तिथली दोन एकर मेली, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मातीत तो रोग तीस वर्षं राहतो. हे तुम्हाला माहीत नसेल, मला माहीत आहे. मला त्याचा पगार मिळतो. पहिली मूठ माझी होती, आणि ती इथली होती."

मी पिशवीवरची चिठ्ठी त्यांना दिसेल अशी वळवली.

"हा नमुना मी तपासायला पाठवलाच नाही. तुमची माती पाठवली. माझी बॅगेत ठेवली."

"ताई," भूपेंद्र म्हणाला. नुसतं तेवढंच.

काका खुर्चीवर बसले. त्यांनी विचारलं, "तू? शिकलेली असून?"

"हो."

"का वं पण?"

"तिथं बाबा बसायचे, काका."

काकांनी डोळ्यांना उपरण्याचा शेव लावला. निंबाभाऊंनी हातातलं गोणपाट पुन्हा घडी केलं, पहिल्यापेक्षा लहान. कुणी जात नव्हतं. शेवटी रंभाबाई पुढं आली.

"भाऊ असते तर आतापावतो ओरडले असते, चला, पाय धुवा," ती म्हणाली. "पण ताई, ड्रम तू आतल्या अंगाले ठुला. चुकलं काय?"

"नाही. आता रोग इथं आहे. आता जाताना धुवायचे. चपला सुद्धा."

निंबाभाऊ सगळ्यात आधी गेले. त्यांनी धोतर वर धरलं, ड्रममध्ये एक पाय घातला, मग दुसरा. चपला हातात घेऊन पाण्यात घासल्या. त्यांच्यामागे रांग लागली. ज्यानं "वा रे दोस्त" म्हटलं होतं तोही रांगेत होता. ट्रॉलीची चाकं भूपेंद्रनं फवारणीच्या पंपानं धुतली, बराच वेळ, एकेक चाक, माझ्याकडे न बघता. गोणपाटं रिकामीच परत गेली. काका शेवटी आले. बूट काढायला त्यांना वाकवत नव्हतं. मी खाली बसून त्यांच्या नाड्या सोडल्या. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

"त्या निंब्याले तरी एक पील द्यायला पाह्यजे होतं," ते पाण्याकडे बघत म्हणाले.

"पुण्याहून देऊ. बाटलीतलं. दोन-तीन वर्षं लागतील."

"जगलं तर."

"जगलं तर."

सगळे गेल्यावर मी रंभाबाईचा विळा जंतुनाशकात बुडवला आणि दोरी ओलांडून जुन्या बेटाकडे गेले. केळफूल माझ्या डोक्याच्या थोडं वर होतं. रंभाबाईनं दांडा खाली वाकवून धरला. कापल्यावर चीक ठिबकला. तो तिनं पदरावर पडू दिला नाही, केळीचे डाग निघत नाहीत. जांभळी सालं मी एकावर एक काढली. आत, सगळ्यात आत, फुलांची पांढरी फणी, तांदळाच्या दाण्याएवढी. तेवढं गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवलं. चौथी पिशवीही चिठ्ठीसकट शेजारी ठेवली.

नव्या पिलाचं मी काय करणार, असं रंभाबाईनं विचारलं. नियमानं ते उपटून जाळायला हवं होतं. मॅडमना मी त्याच सकाळी फोन करून विचारलं होतं, की चारी बाजूंनी बंद करून, पाणी बाहेर जाऊ न देता, ते उभं ठेवता येईल का. त्या म्हणाल्या होत्या, विहिरीच्या बाजूनं चर खणून घेशील तर, आणि रोज कुणी बघणार असेल तर.

"मी पाहीन रोज," रंभाबाई म्हणाली. "काय पाहू पण?"

मी तिला खालचं पान दाखवलं. काठापासून सुरुवात होते, म्हटलं. पिवळी रेघ दिसली की त्याच दिवशी फोन कर. मग आपण कापू आणि जाळू.

"आन् नाही दिसली तर?"

"तरी फोन कर. रोज."

तिनं वाकून पानाची कड बोटांत धरली, टोकापर्यंत सरकवत नेली, आणि उलटून खालची बाजूही पाहिली, बाबा बघायचे तशी.

"आज हिरवं हाये," ती म्हणाली. "लिहून ठेव."

भूपेंद्र तोवर फाटकापाशी मोटरसायकल घेऊन उभा होता. गाडीला दीड तास होता. मी ड्रममध्ये पाय बुडवले, चपला घासल्या, डबा मांडीवर घेऊन त्याच्या मागे बसले. त्यानं आरशातून डब्याकडे पाहिलं आणि पहिल्या वळणापर्यंत गाडी अगदी हळू चालवली.